अग्निगोल पाहिला, पण नेमका कुठे? आकाशाच्या साक्षीदारांचा इतिहास

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस मावळला होता, दारोदारच्या गुढ्या उतरवून झाल्या होत्या. रात्री पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भातील असंख्य लोकांना आकाशात जळत जाणाऱ्या रेषा दिसल्या. एक पुढे, तिच्यामागे आणखी काही, सगळ्या एकाच दिशेने आणि जवळजवळ आडव्या. विशेष म्हणजे त्या संथ होत्या. खिशातून फोन काढून चित्रीकरण करण्याइतका वेळ लोकांना मिळाला.

तर्क लगेच सुरू झाले. कोणी उल्कापात म्हणाले, कोणी पेटलेले विमान, कोणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. जवळच्या पवनपार परिसरात धातूचा एक गोळा सापडला.

ती उल्का नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडवलेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी अग्निबाणाचा तो वरचा टप्पा असावा, असा निष्कर्ष अंतराळातील वस्तूंचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडला. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो टप्पा वातावरणात शिरला आणि महाराष्ट्राच्या डोक्यावर जळाला.

यातली ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की उत्तर साक्षीदारांच्या वर्णनातच होते. खरी उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते, काही तर ७० किलोमीटरहूनही अधिक वेगाने. तिचा खेळ बहुधा दोन-चार सेकंदांत आटोपतो. पृथ्वीभोवती फिरणारा यांत्रिक कचरा मात्र सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, अगदी तिरप्या वाटेने उतरतो. म्हणून त्याची जळती मिरवणूक मिनिटभरही टिकू शकते. “केवढा प्रकाश!” या उद्गारापेक्षा “किती वेळ?” हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो तो यामुळे.

अग्निगोल या घटनेचा स्वभावच विचित्र आहे. ग्रहण आधी सांगता येते, धूमकेतू महिनोन्‌महिने दिसत राहतो. अग्निगोल मात्र न सांगता येतो आणि दुर्बीण रोखण्याआधी विझतो. मागे उरतात ती फक्त पाहणारी माणसे, आणि तीही बहुतेक वेळा गोंधळलेली. या माणसांच्या बोलण्याला पुरावा मानायचे की अफवा, या प्रश्नावर अशनिशास्त्राचा सारा इतिहास उभा आहे.

आधी शब्दांचे पाहू. शुक्राहूनही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. ती पूर्ण न जळता तिचा दगड जमिनीपर्यंत पोहोचला, तर तो अशनी. हे शब्द जुने आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत उल्कांवर स्वतंत्र अध्याय असून धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत. स्वर्गातले पुण्यफळ भोगून संपल्यावर खाली येणाऱ्यांची ती रूपे, अशी त्यांची उपपत्ती. ‘अशनी’ मात्र मोठ्या आवाजाने माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर कोसळते आणि जमीन फोडते, असे तेथे म्हटले आहे. कारणमीमांसा बाजूला ठेवली तरी आवाज, आघात आणि फुटलेली जमीन हे वर्णन कोणाच्या तरी पाहण्यातून आले असावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

युरोपातील विद्वानांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. आकाशात दगडच नाहीत, तर ते पडतील कोठून, हा त्यांचा सवाल. फ्रान्समध्ये १७६८ साली ल्युसे येथे शेतकऱ्यांसमोर दगड पडला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने तो तपासला. समितीत रसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे लाव्हाझिए होते. निष्कर्ष निघाला की हा पृथ्वीवरचाच दगड, फार तर त्यावर वीज पडली असेल. अर्न्स्ट क्लाडनी यांनी १७९४ मध्ये असे दगड अवकाशातून येतात असे पुस्तक लिहून मांडले, तेव्हा त्यांच्या वाट्यालाही बरीच थट्टा आली. क्लाडनींचा आधार प्रामुख्याने प्रत्यक्षदर्शींच्या जुन्या जबान्यांचाच होता, आणि अडचणही तीच होती. खेडुतांचे बोलणे पुरावा म्हणून कोण स्वीकारणार?

पारडे फिरवण्यात भारताचा मोठा वाटा आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास काशीच्या आसमंतात एक अग्निगोल दिसला. आकाश निरभ्र होते, तरी ढगांच्या गडगडाटासारखा आवाज झाला, आणि काशीपासून काही कोसांवरच्या क्राखुत गावाच्या शिवारात दगड पडले. जॉन लॉइड विल्यम्स नावाच्या इंग्रज गृहस्थांनी गावकऱ्यांकडे चौकशी केली. शेतात माती उकरल्यासारखी दिसली तेथे खणले, तर दगड हाती लागले. एक दगड रखवालदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून आत पडला होता, आणि तो रखवालदार तेथेच शेजारी उभा होता!

विल्यम्स यांचा वृत्तांत आणि दगडांचे नमुने लंडनला गेले. एडवर्ड हॉवर्ड यांनी काशीचा दगड, इंग्लंडमधील वोल्ड कॉटेजचा दगड आणि अन्य ठिकाणचे नमुने एकत्र तपासले. हजारो मैलांच्या अंतरावर पडलेल्या या दगडांची घडण एकसारखी होती आणि त्यांतील लोखंडात निकेल होते. १८०२ मध्ये रॉयल सोसायटीसमोर हे निष्कर्ष मांडले गेले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल येथे दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा तरुण शास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बिओ गावोगाव फिरले आणि त्यांनी साक्षी जुळवल्या. एकमेकांना न ओळखणारी माणसे एकच गोष्ट सांगत होती. वाद तेथे जवळपास मिटला.

गमतीचा योग असा, की १७९८ हेच साल आणखी एका प्रयोगाचे आहे, आणि तो समजून घ्यायला मुंबईच्या उपनगरांइतकी सोयीची जागा नाही.

जर्मनीतील ग्योटिंगेन येथे ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग हे दोन विद्यार्थी होते. उल्का वातावरणात नेमक्या किती उंचीवर दिसतात, हे त्यांना शोधायचे होते. दोघे एकमेकांपासून काही किलोमीटर दूर जाऊन रात्र रात्र बसले. प्रत्येक उल्केची वेळ आणि तारकांमधली तिची जागा प्रत्येकाने नोंदवली. दोन्ही ठिकाणांहून एकच उल्का दिसली की तिची जागा थोडी वेगळी भासे. त्या फरकावरून उंची निघे.

अंतर सुरुवातीला सुमारे नऊ किलोमीटर होते, नंतर त्यांनी ते पंधराच्या पुढे नेले. आता नकाशावर बोरिवली आणि मुलुंड पाहा. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पश्चिम रेल्वेवरचा माणूस एका बाजूला, मध्य रेल्वेवरचा दुसऱ्या बाजूला. सरळ रेषेत अंतर सुमारे १२ किलोमीटर. लोकलने जायचे तर दादरचा वळसा घालावा लागतो, पण आकाशाच्या भूमितीला दादर लागत नाही.

समजा, या दोघांच्या डोक्यावर ९० किलोमीटर उंचीवर उल्का चमकली. बोरिवलीकराला ती ज्या ताऱ्यापाशी दिसेल, तेथून मुलुंडकराला ती सुमारे सात-साडेसात अंश सरकलेली दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे फरक पाऊण मुठीचा. डोळ्यांना सहज कळेल असा, परंतु दोघांनीही नोंद केली असेल तरच.

ग्योटिंगेनच्या त्या दोघांनी मिळून सुमारे ४०० उल्का नोंदवल्या. त्यांतल्या अवघ्या २२ दोन्ही ठिकाणी टिपल्या गेल्या. मुद्दाम जागून, ठरवून पाहणाऱ्यांची ही कथा. पण त्या २२ उल्कांनी काम केले. उंची सरासरीने ९० किलोमीटरच्या आसपास निघाली. उल्का म्हणजे ढगांतला एखादा ज्वलनशील वायू नव्हे, हे तेव्हापासून दिसू लागले.

या आकड्यातून साक्षीदारांची एक सनातन चूकही उलगडते. “तो समोरच्या डोंगरामागे पडला,” असे अग्निगोल पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. बोरिवलीच्या गच्चीवरून पूर्वेला, उद्यानाच्या डोंगरांवर वीस अंश उंचीला अग्निगोल दिसला, तर पाहणाऱ्याला तो मुलुंडमध्ये पडल्यासारखा वाटेल. प्रत्यक्षात ८० किलोमीटर उंचीवरचा तो गोल क्षितिजसमांतर अंतराने सव्वादोनशे किलोमीटर दूर, म्हणजे अहिल्यानगरच्याही थोडा पलीकडे असेल. साक्षीदार खोटे बोलत नसतो. तेजस्वी वस्तू मनाला नेहमी जवळ वाटते, इतकेच.

मुंबईत आकाशाच्या नोंदी पद्धतशीर ठेवण्याचे काम कुलाबा वेधशाळेपासून सुरू झाले. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये बांधली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही वेधशाळेच्या कामाशी संबंध आला होता. चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी १८४१ पासून नियमित होऊ लागल्या. साष्टीची गावे त्या काळी रात्री काळोखात बुडालेली असत. मिठागरे, भातशेती, ताडामाडांच्या रांगा आणि घराघरांतले तेलाचे दिवे. अंधेरी किंवा घाटकोपरच्या तेव्हाच्या माणसाने एका रात्रीत जेवढे तारे पाहिले, तेवढे आज तेथे राहणाऱ्याला वर्षभरातही दिसणार नाहीत.

या मुंबईत जॉर्ज ब्युइस्ट नावाचे स्कॉटिश संपादक होते. १८४० ते १८५७ या काळात त्यांच्या हाती ‘बॉम्बे टाइम्स’ होता, तोच पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाला. वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ सांभाळले. स्वभावाने भांडखोर, राजकीय मते आजच्या वाचकाला रुचणार नाहीत अशी. पण गारा, वादळे, उल्का यांच्या बातम्या जमवण्याचा त्यांना नाद होता. वर्तमानपत्र हाताशी असल्याने ठिकठिकाणचे वाचक त्यांना कळवत. हिंदुस्थानात दिसलेल्या उल्कांच्या अशा नोंदी त्यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल यांच्याकडे धाडल्या. पॉवेल १८४८ पासून ब्रिटिश असोसिएशनसाठी उल्कांची जंत्री तयार करत होते. (बालवीर चळवळीचे संस्थापक हे त्यांचे पुत्र.) आज लोक चित्रफिती पाठवतात, तेव्हा पत्रे पाठवत. साक्षी एका ठिकाणी गोळा करण्याची कल्पना मात्र तीच होती.

याच काळात खानदेशात एक अपूर्व घटना घडून गेली होती. १८४३ साली एदलाबादजवळच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळच्या, माणेगाव येथे एक दगड आकाशातून पडला. त्याचे वर्णन कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला देणारे पिडिंग्टन ते हेच. माणेगावचा दगड डायोजेनाइट या दुर्मीळ जातीचा निघाला. या जातीचे दगड ‘व्हेस्टा’ या मोठ्या लघुग्रहापासून सुटले असावेत, असे आज मानले जाते. एका लघुग्रहाचा कपचा खानदेशच्या काळ्या मातीत पडला आणि कोणीतरी तो जपला! त्याचे मोजके तुकडे तेवढे आज संग्रहांत उरले आहेत.

साक्षीदारच नसेल तर काय होते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. ते घडवणारा अग्निगोल केवढा असेल, याची कल्पना करवत नाही. लवणासुराच्या कथेने लोकांनी त्या खड्ड्याला अर्थ दिला. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांना तो ज्वालामुखीचा वाटला, कारण भोवती सगळा काळा बेसाल्ट. आघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच तेथे सापडली, तेव्हा १९७० च्या दशकात अशनिपाताचा निर्वाळा मिळाला. वयाचा वाद तर अजून मिटलेला नाही. एका मोजणीने सुमारे ५० हजार वर्षे निघतात, तर दुसरीने ५ लाख ७० हजार. पाहणारा नसला की विज्ञानाला केवढी पायपीट करावी लागते ते यावरून कळावे.

उलट, साक्षीदार भरपूर असले आणि त्यांना नीट विचारले तर काय साधते? २८ जानेवारी १९७६. रात्री पावणेनऊच्या सुमारास गुजरातच्या आकाशात एक प्रखर अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यातील ढजाळा गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ नरेंद्र भंडारी आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. शेकडो तुकडे जमा झाले, एकूण वजन सुमारे ४५ किलो.

खरे काम पुढचे होते. अग्निगोलाचे छायाचित्र नव्हते. होती ती केवळ दूरदूरच्या माणसांची स्मृती. तुम्ही कोठे उभे होतात, कोणत्या बाजूला दिसले, किती उंच दिसले? बल्लभ, भटनागर आणि भंडारी यांनी अशा साक्षींवरून अग्निगोलाचा मार्ग काढला आणि तेथून मागे जात सूर्याभोवतीची त्याची कक्षा मांडली. १९७८ मध्ये ती ‘इकारस’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाली. दगड मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहपट्ट्याकडून आला होता. ज्यांचे म्हणणे लाव्हाझिएंच्या समितीने बाजूला सारले होते, तशाच सामान्य माणसांच्या बोलण्यातून लघुग्रहपट्ट्यापर्यंतची वाट काढता आली. दोन घटनांमधले अंतर जेमतेम दोनशे वर्षांचे.

अग्निगोल रात्रीच दिसतो असेही नाही. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूरजवळच्या काटोल परिसरात स्फोटासारखे आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते गोळा केले. त्या काटोल अशनीत पुढे ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात, शेकडो किलोमीटर खोलीवर ते विपुल आहे, पण तेथून ते पृष्ठभागावर आणणे अशक्यप्राय. अवकाशातील टकरीच्या दाबाने घडलेला त्याचा कण काटोलच्या दगडातून हाती आला. २०२१ मध्ये या संशोधनाचा निबंध प्रसिद्ध झाला.

दुसऱ्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर आकाराचा दगड फुटला. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. त्यांपैकी बहुतेकांना दगड लागला नव्हता. आकाशात उजेड पाहून माणसे खिडक्यांपाशी धावली. ध्वनीला खाली पोहोचायला दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागला आणि तेवढ्यात तावदाने अंगावर फुटली. काचेच्या भिंतींचे मनोरे उभे राहिलेल्या अंधेरीने हा तपशील ध्यानात ठेवावा असा आहे. फार मोठा झोत दिसला, तर पाहून झाल्यावर काचेपासून दूर व्हावे.

चेल्याबिन्स्कच्या दगडाची कक्षा गाड्यांतील आणि चौकांतील कॅमेऱ्यांवरून काढता आली. एका अभ्यासात तर शहरातल्या चौकातील दिव्याच्या खांबांच्या सरकत्या सावल्या मोजून अग्निगोलाची दिशा ठरवली गेली. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा आकाशाकडे रोखलेला नसतो. पण फाटकाची सावली तोही टिपतो.

मुंबईच्या आकाशाची कथा तशी विजेने लिहिली आहे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, कारण विजेच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडल्या असत्या. पुढे विजेच्या उजेडाने तारेही गेले. ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षाव पावसाळी ढगांत बुडतो. डिसेंबरच्या मध्यावर येणारा मिथुन उल्कावर्षाव त्यातल्या त्यात सोयीचा, पण त्यासाठीही आकाशप्रेमी कर्जत मार्गावरचे वांगणी गाठतात. अग्निगोल मात्र उपनगराच्या या उजेडालाही जुमानत नाही. तो घाटकोपरच्या पुलावरूनही दिसेल आणि बोरिवली स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेतूनही.

दाट वस्तीचा येथे एक अनपेक्षित फायदा होतो. मोकळ्या रानात “पूर्वेकडे, थोडा वर” यापलीकडे सांगता येत नाही. शहरात मात्र अग्निगोल समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून निघून मोबाइल टॉवरच्या डावीकडे विझलेला असतो. टाकी आणि टॉवर दुसऱ्या दिवशीही तेथेच असतात. त्याच खिडकीत त्याच जागी उभे राहून होकायंत्राने दिशा आणि मुठींनी उंची मोजता येते. घड्याळातली वेळ, किती सेकंद टिकला, रंग, तुकडे झाले का, नंतर आवाज आला का आणि किती वेळाने, एवढे लिहून आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावरील अर्जात भरता येते. तेथे दुसऱ्या कोणाची, नाशिकच्या किंवा समुद्रातल्या एखाद्या जहाजावरच्या माणसाची, त्याच मिनिटाची नोंद आली असेल, तर मार्ग आखायला सुरुवात होते.